केबलवरचं श्वसन

उज्ज्वलाला एका जागी बसता येत नाही, ही तक्रार सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या चाळीत सगळ्यांचीच होती. रोज बोलून दाखवायचा हक्क मात्र तिच्या मायचा, धुरपदाबाईचा. पोरगी अभ्यासाला बसली की गुडघा हलवत राहायची. भाकरी थापता थापता उठून दारात जायची आणि कशाला आलो होतो हे विसरून परत फिरायची. बोलतानासुद्धा तिचे हात ओढणीच्या टोकाशी काहीतरी करत असायचे.

"एक जागे बठ ना वं पोरी, भवरीगत काय फिरी राहिनी?" धुरपदाबाई म्हणायची.

पण त्या हिवाळ्यात, चौऱ्याण्णव सालच्या, अख्खं घरच एका पायावर उभं होतं. सप्टेंबरात सुरतेत प्लेगची आवई उठली आणि निम्मं शहर मिळेल त्या गाडीनं पळालं. उज्ज्वलाचा बाप दगा पंधरा-सोळा वर्षांपासून लूमवर कामाला होता. खानदेशातल्या शिंदखेड्याकडून आला तो लूमच्या खडखडाटातच मुरला. ज्याला एवढ्या वर्षांत एकदाही घाबरलेला कोणी बघितला नव्हता तो माणूस त्या दिवशी बायको-पोरीला घेऊन उधन्याच्या फलाटावर धावत सुटला. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तोंडाला फडकी बांधून, एकमेकांकडे पाठ करून माणसं उभी होती. शेजारचा कोणी खोकला की डबा शहारायचा.

दिवाळीनंतर ते परत आले. खोलीचं कुलूप निघालं, चूल पेटली, दगा पाळीवर जायला लागला. पण गावाहून आणलेली गाठोडी काही सुटली नाहीत. भिंतीशी तशीच रचून ठेवलेली. लागेल ते कापड धुरपदाबाई गाठ सैल करून ओढून काढायची आणि परत गाठ मारायची. कारण दगा कामावरून आला की हातपाय धुवायच्या आधी एकच वाक्य बोलायचा, गावी परतायचं.

"आठे आते ऱ्हावानं नही. गाव जासूत."

"तिनी परीक्षा व्हऊ द्या," धुरपदाबाई म्हणायची.

परीक्षा मार्चात होती. बारावी सायन्स. पण दगाचं मन कधी होळीपर्यंत थांबायचं, कधी संक्रांतीलाच निघायचं म्हणायचं. आपण इथे किती दिवस आहोत हे माहीत नसताना पुस्तक उघडायचं म्हणजे फलाटावर उभं राहून झोप काढण्यासारखं. उज्ज्वला तरी उघडायची. आणि उघडलं की पान एकच निघायचं: श्वसन.

त्याला कारण होतं निंबाकाका. शेजारच्या खोलीत राहणारा, दगाच्या बरोबरीनं लूम चालवणारा. पळापळीच्या आधीच्या दिवसांत त्याला ताप भरला. घरी दुसरं कोणी नव्हतं म्हणून उज्ज्वला त्याला पाणी द्यायला गेली. निंबाकाका खाटेवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास घेत होता. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. दार उघडं, खिडकी उघडी. बाहेर वारा होता, दोरीवरचे कपडे हलत होते. हवा आत जात होती, बाहेर येत होती. आणि तरी माणूस बुडत होता. त्याला रिक्षात घालून नेलं तेव्हा तो नुसत्या हातानं दगाला बोलावत होता, आणि तो परत आला नाही. प्लेग होता की दुसरं काही, हे कोणी नीट सांगितलं नाही. नंतर विचारायला कोणी थांबलंच नव्हतं.

हवा तर होती. मग कमी काय पडत होतं?

हा प्रश्न तिच्या पाठीला चिकटून गावी गेला आणि तिच्याबरोबरच परत आला. उत्तर पुस्तकात असणार याची तिला खात्री होती, पण पुस्तक तिला आत घेईना. दहावीपर्यंत ती मराठी शाळेत शिकली. पुढे सायन्स म्हणजे गुजराती माध्यम. बोलायला गुजराती तिला पाण्यासारखी येत होती, पण भाजीवाल्याशी बोलायची गुजराती वेगळी आणि जीवशास्त्राची वेगळी. त्यातून शिकवणारे सर प्लेगच्या वेळी आपल्या गावी गेले ते आलेच नाहीत. त्यांची जागा रिकामी. जीवशास्त्राच्या तासाला पोरं मैदानात बसायची किंवा घरी जायची.

अशात केबलवाल्या भूपेंद्रनं नवीन टूम काढली.

भूपेंद्र तिथलाच, खानदेशी बापाचा सुरतेत जन्मलेला मुलगा. पर्वत पाटियाच्या चौकाजवळ एका दुकानाच्या माळ्यावर त्याचं ऑफिस. तिथून काळी वायर गच्च्यांवरून, विजेच्या खांबांवरून निघायची ती डिंडोलीपर्यंत यायची. एका वाहिनीवर तो स्वतःच्या व्हीसीआरवर पिक्चर लावायचा. शाळा महिना-दीड महिना बुडाल्यामुळे आई-बाप कुरकुरत होते. त्यातले बरेच त्याचेच गिऱ्हाईक. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा हाताशी होताच. त्यानं एक बाई गाठल्या, त्यांच्याकडून बारावीचे धडे शिकवून घेऊन टेप केले आणि दुपारच्या पिक्चरच्या आधी दाखवायला सुरुवात केली.

उज्ज्वलाच्या घरी टीव्ही नव्हता. तो होता अनुसया मावशीकडे, आणि तिथे दुपारी चाळीतल्या बायका साड्यांचे धागे कापायला जमायच्या. मधोमध साड्यांचा ढीग, सगळ्यांच्या हातात छोट्या कात्र्या आणि समोर टीव्ही. उज्ज्वला पण एक कात्री घेऊन बसली, म्हणजे कोणी उठवायला नको.

पडद्यावर एक फळा आला. फळ्यासमोर चाळिशीच्या, चापूनचोपून साडी नेसलेल्या बाई. त्यांचं नाव वंदना. नवरा बँकेत, नाशिकहून बदली होऊन आलेला. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी कळलं ते एवढंच, की बाई गुजराती बोलतात ती मराठी चालीवर, आणि क्रियापद चुकलं की स्वतःच हसतात.

"हे काय, कीर्तन शे का?" अनुसया मावशी म्हणाली. "पिक्चर कव्हय लागई?"

"थांब ना मावशी. थोडंच आहे."

बाईंनी छातीवर हात ठेवला, मोठा श्वास घेतला आणि सोडला. म्हणाल्या, "हे श्वसन नाही. ही नुसती हमाली आहे. माल आत आणला, माल बाहेर टाकला. कारखाना कुठे आहे?" मग त्यांनी टेबलाखालून एक बाटली काढली. आत गढूळ पिवळसर उसाचा रस, आणि तोंडाला फुगा ओढून बांधलेला. फुगा ताठ उभा होता. "यात मी फुंकर मारलेली नाही. काल रसवंतीतून रस आणला, त्यात चिमूटभर यीस्ट टाकलं आणि फुगा बांधला. मग हा फुगवला कोणी?"

कात्र्या थांबल्या.

"यीस्टला नाक नाही, छाती नाही. तरी ते श्वसन करतं. साखर मोडतं, त्यातून जगण्यापुरती शक्ती काढतं आणि उरलेला वायू बाहेर टाकतं. इथे आत हवा पोचत नाही, म्हणून साखरेची बनते..." एवढ्यात कॅमेऱ्यामागून कोणीतरी घाईघाईनं खाकरलं. भूपेंद्रचा आवाज टेपवर स्पष्ट आला. "मॅडम, एम ना बोलो! दारू बोललात तर पोलीस येतील माझ्याकडे. गुजरात छे, दारूबंदी!"

बाई हसल्या. "बरं. साखरेचा बनतो एक द्रव, ज्याचं नाव पुस्तकात आहे. पान काढून वाचा."

बायका हसून हसून लोळल्या. पण उज्ज्वला हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती, कारण बाई आता पुढचं सांगत होत्या. आपल्या अंगात हवा पोचते, म्हणून साखर शेवटपर्यंत मोडते. साखरेतला कार्बन सुटतो आणि वायू होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. "तुम्ही आत्ता जो उच्छ्वास सोडलात ना, तो म्हणजे तुमची सकाळची भाकरी आहे."

 मग अनुसया मावशीनं नाकाजवळ हात नेऊन बघितला.

"म्हंजे भाकर नाकमाईन बाहेर निंघस?"

"निंघस," उज्ज्वला म्हणाली. तिची कात्री केव्हाच खाली पडली होती.

त्या दिवसापासून दुपार झाली की तिला चैन पडेना. जेवण अर्धं टाकून ती मावशीच्या दाराशी जायची. कधी क्रिकेटचा सामना असायचा म्हणून धडा नाही, कधी भूपेंद्रकडची टेप अडकलेली म्हणून नाही. त्या दिवशी ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची, परत जाऊन यायची. घरात गाठोडी, बापाचं तेच वाक्य. एकदा दगा मुकादमाशी हिशेब मिटवायचं बोलून आला आणि तिला वाटलं, आता बाई पुढच्या धड्यात काय सांगतील ते कळायच्या आत आपण गाडीत असू.

बाईंनी श्वसनाचे धडे भागांत पाडले होते. साखर मोडून दोन तुकडे होतात तो भाग झाला. दुसऱ्या भागात ते तुकडे कारखान्यात शिरणार होते. तो धडा सुरू झाला, बाईंनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, खडू वर्तुळाच्या माथ्यावर टेकवला आणि दिवे गेले. पंखा मंदावत थांबला. बायका दारात जाऊन वारा घ्यायला लागल्या. उज्ज्वला काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. वीज आली तेव्हा पिक्चरमधलं गाणं चालू होतं.

तिसरा भाग बघितला तर एक अक्षर कळेना. बाई म्हणत होत्या, 'काल वर्तुळातून जो हायड्रोजन गोळा केला...' कुठून गोळा केला? कोणी? तिला वाटलं, सगळा गाव पुढच्या स्टेशनला उतरला आणि आपणच गाडीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शाळेला म्हणून निघाली आणि सरळ पर्वत पाटियाची वाट धरली. कडेकडेनं, टेम्पो आणि साड्यांच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्या चुकवत. रिक्षानं जायचं तिला सुचलंही नाही. चालताना निदान पाय तरी गप्प राहत होते.

भूपेंद्रच्या माळ्यावर जायला लोखंडी जिना. वर दोन व्हीसीआर, वायरींचं जंजाळ आणि पडदा लावून केलेला आडोसा. भूपेंद्र एका टेपवरची चिठ्ठी खरवडत होता.

"श्वसनचा दुसरा भाग पाहिजे," उज्ज्वला धापा टाकत म्हणाली. "लाइट गेली होती. परत लावा ना."

"अरे बेन, परत कुठून लावू? हीच ती टेप. आता हिच्यावर एक लग्न घ्यायचंय."

"आधी मला दाखवा. मग घ्या."

"तू कोनी पोर? डिंडोलीहून चालत आली? एवढ्यासाठी?"

पडदा बाजूला झाला आणि आतून वंदना मॅडम आल्या. पडद्यावर दिसायच्या त्यापेक्षा बुटक्या, बोटं खडूनं पांढरी, चेहरा ओढलेला. त्यांनी उज्ज्वलाकडे नीट बघितलं. "तू हे बघतेस?"

"हो मॅडम. आम्ही सगळ्या बघतो. अनुसया मावशी, कमलाबाई, सगळ्या. धागे कापता कापता."

मॅडम स्टुलावर बसल्या. त्या भूपेंद्रला आज सांगायलाच आल्या होत्या की हे आता पुरे. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. "मी त्या काचेच्या डोळ्याला शिकवते गं. तो ना मान हलवतो, ना कपाळाला आठी घालतो. कळलं की नाही ते समजणार कसं? घरी आल्यावर वाटतं, मी एकटीच बडबडून आले. रात्रभर तेच डोक्यात." मग त्यांनी विचारलं, "तुला काय नाही कळलं?"

उज्ज्वलाच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते वर्तुळाबद्दल नव्हतंच. "मॅडम, पेशीत नक्की काय काय असतं? कारण पेशीत कोष असतात म्हणतात. आणि कोषात परत ते सगळं असतं. मग पेशी म्हणजे केवढी?"

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. मग त्या हळूहळू सरळ झाल्या. "तू मराठी शाळेत होतीस?"

"दहावीपर्यंत."

"अगं, मराठीत पेशी म्हणतो त्याला गुजरातीत कोष म्हणतात. आणि गुजरातीत पेशी म्हणजे आपली ऊती. पुष्कळ कोष मिळून झालेली." त्यांनी पडद्यामागचा फळा पुढे ओढून त्यावर दोन्ही शब्द लिहिले, मधे रेघ ओढली. "मराठीतली पेशी वेगळी, गुजरातीतली पेशी वेगळी. एकच शब्द. आणि तू दीड वर्ष..."

उज्ज्वला फळ्याकडे बघत उभी राहिली. दीड वर्ष ती एका घरात दुसरं घर कोंबायचा प्रयत्न करत होती. तिला रडायला आलं, आणि त्याच वेळी फळ्याला डोकं आपटून हसावंसंही वाटलं.

"आणि तंतुकणिका?" तिनं विचारलं.

"कणाभसूत्र."

"तीच?"

"तीच. श्वसनाचा कारखाना तोच."

मॅडम उठल्या. "भूपेंद्र, ही टेप पुसलीस तरी चालेल. दुसरा भाग मी परत घेते. तू इथे बस," त्यांनी उज्ज्वलाला कॅमेऱ्याच्या शेजारी, स्टुलावर बसवलं. "मी तुझ्याकडे बघून शिकवणार. कळलं नाही की हात वर करायचा. मधेच. लाजायचं नाही."

"मॅडम, टेपमध्ये आवाज येईल तिचा," भूपेंद्र म्हणाला.

"तुझा येतो तो चालतो का?"

त्या दिवशीचा धडा आधीच्या कुठल्याच धड्यासारखा झाला नाही. मॅडम वर्तुळ काढायच्या, वळून उज्ज्वलाचा चेहरा बघायच्या आणि पुसून पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं काढायच्या. साखरेचा उरलेला तुकडा कणाभसूत्रात शिरतो, चक्रात फिरतो. फिरता फिरता त्याचा कार्बन वायू होऊन सुटतो. ती नाकातून जाणारी भाकरी. आणि हायड्रोजन हातोहात पुढे दिला जातो. मॅडमनी टँकरची रांग सांगितली. टँकर लांब उभा आहे, बायका रांगेत उभ्या राहून भरलेला हंडा एकमेकींच्या हातात देत आहेत. हंडा पुढे सरकताना जे काम होतं, त्यातून शरीराला चालवणारी शक्ती मिळते. "आणि रांगेच्या अगदी शेवटी उभा असतो ऑक्सिजन. तो हंडा उतरवून घेतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. तुम्ही श्वासातून घेतलेला ऑक्सिजन एवढंच करतो. शेवटी उभा राहतो."

उज्ज्वलाचा हात वर गेला. तिला वाटलं नव्हतं की ती हे विचारेल.

"मॅडम, आमच्या शेजारी एक काका होते. हवा आत जात होती त्यांच्या. मी बघितलं. तरी ते... कमी काय पडत होतं?"

भूपेंद्रनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. मॅडमनी खडू खाली ठेवला.

"त्यांना काय झालं होतं ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण फुप्फुसात सूज येऊन पाणी भरलं, तर हवा आत गेली तरी रक्तापर्यंत पोचत नाही. रक्तापर्यंत नाही म्हणजे कोषापर्यंत नाही. रांगेच्या शेवटी उभं राहायला कोणी उरत नाही. शेवटच्या बाईनं हंडा घेतला नाही, तर तिच्या आधीच्या बाईचे हात रिकामे होत नाहीत. मग तिच्या आधीच्या बाईचे. अशी सगळी रांग थांबते. टँकर भरलेला असतो, साखर असते, सगळं असतं. पण थांबतं."

ती घरी आली तेव्हा तिला शांत वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उत्तर मिळालं होतं, पण ते अंगात फिरत राहिलं. निंबाकाकाचे गुडघ्यांवर रोवलेले हात, आणि आत कुठेतरी न दिसणाऱ्या रांगा एकामागून एक थांबत गेलेल्या. आणि ती तिथे तांब्या घेऊन उभी.

धडा केबलवर लागला आणि चाळीत गलका झाला. "उज्वला बोली राहिनी! उज्वला!" अनुसया मावशीनं दोन्ही बाजूच्या खोल्यांतून बायकांना ओढून आणलं. उज्ज्वला दारामागे लपली. पडद्यावर ती दिसत नव्हती, नुसता आवाज. इतका पातळ आणि घाईचा, की तिला तो आपला वाटेना.

दगानं तो ऐकला कारखान्याजवळच्या चहाच्या टपरीवर. टपरीवालाही भूपेंद्रचाच गिऱ्हाईक. दगा पाळी संपवून घरी आला तो हातपाय न धुता, गावचं वाक्य न बोलता दारात उभा राहिला.

"पर्वत पाटियाले एकटी गयी व्हती का तू?"

"हो, बा."

"शाळा सोडीसन?"

"शाळेत शिकवायला कोणी नाही, बा."

दगाचा आवाज चढला. दिवस काय आहेत, शहर कसं आहे, लोक काय म्हणतील, पोरीचा आवाज टपरीवर ऐकू येतो हे बापानं कसं सोसायचं. धुरपदाबाई मधे पडली तर तिलाही ऐकावं लागलं. उज्ज्वला उभ्या उभ्या ऐकत होती. पाय हलत नव्हते, ते तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. बोलून बोलून दगा थकला आणि गाठोड्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. 

"निंबाले तेच व्हयनं व्हतं का?" त्यानं विचारलं. "रांगनं?"

"माहीत नाही, बा. मॅडमलाही माहीत नाही. असं होऊ शकतं, एवढंच."

"आखो सांग. काय काय व्हस ते."

तिनं सांगितलं. अहिराणीत सांगताना शब्द अडले, मग गुजराती घेतले, मग हातांनीच रांग दाखवली.  शेवटी दगा म्हणाला, "मंग तो आम्हले बलाई राहिंता, तव्हय त्याले बोलाले बी शक्ती नसई." आणि उठून मोरीवर गेला. बराच वेळ पाणी पडत राहिल्याचा आवाज येत होता.

दोन दिवसांनी तो म्हणाला, की तो एकटा पुढे जातो. गावची जमीन, घर काय अवस्थेत आहे ते बघतो. मायलेकींनी परीक्षा झाल्यावर यावं. धुरपदाबाईनं वाद घातला नाही. तिनं गाठोड्यांतलं एक त्याला दिलं आणि बाकीच्यांच्या गाठी सोडून कपडे दोरीवर टाकले.

परीक्षेपर्यंत उज्ज्वला जमेल तेव्हा पर्वत पाटियाला जायची, स्टुलावर बसायची, हात वर करायची. मॅडम प्रत्येक नवा शब्द आता दोन्ही भाषांत लिहायच्या. मॅडमचाही बेचैनपणा तिला दिसायला लागला. नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरताना तीन कॉलेजं सोडलेली, कुठेच दोन-अडीच वर्षांपेक्षा जास्त उभं राहता आलं नव्हतं. "मी सुरतेत किती दिवस आहे, मला माहीत नाही," त्या एकदा म्हणाल्या. "म्हणून घाई करते. तू कशाची घाई करतेस?"

"मलाही माहीत नाही, मॅडम."

निकाल लागला. जीवशास्त्रात तिला शाळेत सगळ्यांत जास्त गुण होते. भौतिकशास्त्रात ती कशीबशी काठावर. डॉक्टरकीचं दार तिथेच बंद झालं आणि त्याचं दुःख तिनं उन्हाळाभर केलं. दगा तोवर परत आला होता. गावात त्याच्या हाताला काम नव्हतं आणि कानाला आवाज नव्हता. लूमच्या खडखडाटाशिवाय त्याला झोप येईना. गाव जायचं वाक्य त्यानं नंतरही म्हटलं, पण सणासुदीला, सवयीनं.

उज्ज्वलानं बी.एस्सी. केलं, मग लॅबचा कोर्स. उधन्यातल्या एका पॅथॉलॉजीत रक्त तपासायच्या कामाला लागली. त्याच सुमारास मॅडमच्या नवऱ्याची इंदूरला बदली झाली. स्टेशनवर निरोप द्यायला गेली तर मॅडम खिडकीतून मराठी-गुजराती मिसळून काहीतरी सांगत होत्या आणि गाडीच्या आवाजात त्यातलं निम्मंच ऐकू आलं. भूपेंद्रनं आपलं जाळं एका मोठ्या केबलवाल्याला विकलं. श्वसनाच्या टेपांवर कोणाकोणाची लग्नं चढली असतील. उज्ज्वलाचं लग्न सुकदेवशी झालं, सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर असलेल्या. नोकरी सोडणार नाही, हे तिनं बघायला आलेल्या लोकांसमोर स्वतःच सांगितलं. सुकदेवच्या आईनं भुवया उंचावल्या. सुकदेव म्हणाला, "नका सोडू."

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात ती रविवारी माहेरी यायची ती चाळीतल्या पोरींसाठी. दहावी मराठीतून करून गुजराती सायन्सला जाणाऱ्या. अनुसया मावशीच्याच खोलीत, साड्यांचा ढीग कडेला सारून. पहिल्याच दिवशी ती फळ्यावर दोन भाषांतले शब्द लिहायची, मग पुढचं.

त्या पोरींत एक धनश्री होती, कमी बोलणारी. एका रविवारी तिनं विचारलं, "ताई, पुस्तकात आहे की रक्तातल्या लाल कोषात कणाभसूत्र नसतं. मग ऑक्सिजन वाहून नेणारा कोष स्वतः कशावर जगतो?"

उज्ज्वला खडू धरून थांबली. ती रोज सूक्ष्मदर्शकाखाली तेच कोष मोजायची. हजारोंनी. नसतं, हे तिनं वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण मग ते जगतात कशावर, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "बघून सांगते."

घरी गेली तरी तिचं लक्ष लागेना. भाजी करपली. सुकदेवनं काय झालं म्हणून विचारलं तर तिनं त्यालाच तो प्रश्न घातला. सकाळी लॅब उघडायच्या आधी ती दारात उभी होती. डॉक्टर आले, त्यांनी गाडी लावायच्या आत तिनं विचारलं. ते म्हणाले, "नुसती साखर अर्धवट मोडून. तुम्ही नेहमी सांगता त्या बाटलीतल्या यीस्टसारखं, फक्त दारू न करता. ऑक्सिजन फक्त वाहायचा. स्वतः एक थेंब वापरत नाहीत."

तिनं ते ऐकलं, मान हलवली, कामाला लागली. नळ्या लावल्या, काचपट्ट्या पुसल्या. पण ती बातमी रविवारपर्यंत पोटात ठेवणं तिला जमणारं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती रिक्षात बसली आणि डिंडोलीला आली. धनश्रीच्या घरी कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पोरी तर पाणी भरायला मैदानाकडे गेल्या. उज्ज्वलानं चपला नीट केल्या, ओढणी खोचली आणि भर उन्हात मैदानाकडे चालायला लागली. अर्ध्या वाटेत तिला पाठमोरी धनश्री दिसली, तशी तिनं तिथूनच हाक मारली.